दोहा विमानतळ, सात मुलं आणि न आलेला कागद

आय पडली, खुब्याचं हाड मोडलं, शनिवारी ऑपरेशन, असा वसईहून फोन आला आणि मी दोह्यातली नोकरी सोडायचं ठरवलं. २०००च्या आसपासची गोष्ट. तिथे जपानी मुलांच्या एका छोट्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. वर्गात मुलं सात. दर मार्चमध्ये कुणाच्या तरी वडलांची बदली व्हायची, त्यामुळे निरोप देण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज होती. त्यांची रीतच होती: जाणारा दिसेनासा होईपर्यंत हात हलवायचा, आणि जाणाऱ्याने शेवटच्या वळणावर एकदा मागे बघायचं.

कतारला नोकरीसाठी निघालेल्यांनो, तेव्हा तिथून बाहेर पडायला मालकाच्या सहीचं एक्झिट परमिट लागायचं. ते आणून देणार मंदूब, म्हणजे ऑफिसची सरकारी कामं करणारा माणूस. आमचा मंदूब युसुफ चार दिवस एकच सांगत होता, “हो जाएगा सिस्टर, इन्शाल्ला.” त्याच्या प्रत्येक इन्शाल्लानंतर मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजायचे.

गुरुवारी सकाळी शाळेत निरोप समारंभ. मुलांनी आधी वर्ग स्वतः पुसून काढला, मग ओळीत उभं राहून कमरेत वाकली. मी चार शब्द बोलले खरी, पण कान फोनकडे होते. वर्गातली सगळ्यात अबोल, नऊ वर्षांची युई. तिच्या आईने वाटेत खायला भाताचे त्रिकोणी गोळे दिले. ते मी तसेच पिशवीत ठेवले.

शाळा होती त्या बिन महमूद भागातून विमानतळ टॅक्सीने पंधरा मिनिटं, दहा रियालमध्ये भागायचं. मी शाळेच्या बसने गेले, कारण सातही जण पोचवायला निघाले होते. ड्रायव्हर तानाजीभाऊ साताऱ्याकडचे. आरशातून म्हणाले, “टीचर, घाबरू नगा. कागद यील.”

“आणि नाही आला तर?”

“तर मंदूबालाच उचलून आणतो की!”

एरवी मी हसले असते.

इमिग्रेशनच्या काउंटरवर अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि बाजूला उभं राहायची खूण केली. परमिट आलं नव्हतं. पाठीमागे काचेपलीकडे सात हात हलत होते. मीही हात हलवला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. रांगेतली माणसं पुढे सरकत होती, आणि मुलांसमोर मला हसरा चेहरा ठेवायचा होता. आज अडकले तर आय मला न बघताच ऑपरेशनला जाणार. तिथून उठलीच नाही तर? जा रे बाळांनो घरी, मी मनात विनवत होते. एकही हात खाली येत नव्हता.

शेवटी घामाने निथळत युसुफ आला, हातात कागद. शिक्का पडला.

“खलास सिस्टर, यल्ला, जल्दी निकलो!”

मी जी धावत सुटले ती विमानातच बसले. पट्टा लावताना आठवलं की वळून बघायचं राहिलं.

आय ऑपरेशनमधून सुखरूप उठली, काठी टेकत फिरूही लागली. विमानतळावर मात्र आजही शिक्का पडेपर्यंत माझे तळहात भिजतात. तेव्हा महिन्याभराने युईचं पेन्सिलने लिहिलेलं पत्र आलं, मीच शिकवलेल्या इंग्रजीत:

“मिस, तुम्ही वळला नाहीत. आम्ही थांबलो. मग तानाजी-सान आम्हाला समुद्राकाठी घेऊन गेले. तुमचं विमान पाण्यावरून वळलं. तेव्हा आम्ही हात खाली केले.”