बाभळीचा ओंडका

वैशाख वद्य दशमी. पावसाच्या आत चुलीवरचा माळा झाडायला काढला. काजळी, कोळिष्टकं, दोन फुटकी मडकी, आणि अगदी मागे, भिंतीला टेकवलेला हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका. तो खाली काढला आणि झाडणं तिथेच राहिलं. तो का ठेवला होता हे सांगायचं तर भिवबा कातारी कोण होता ते आधी सांगायला हवं.

भिवबाला लोकांचं सरपण चाळायची खोड होती. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या परसदारी. मोडकी रवी चुलीत घालायला म्हणून मी बाजूला टाकली होती. साठीचा एक वाळका माणूस दाराबाहेरून ओरडला, "बाई, थांबा! ती नका जाळू, शिसवाची हाय."

"मग? शिसव जळत नाही का?"

"जळतं की. पण जळायची घाई चुलीला आसती, लाकडाला नसती."

रवी घेऊन तो गेला आणि आठ दिवसांनी तिची लेखणी करून घेऊन आला. सरकारी दफ्तरातले कारकून बोरू तासून तासून आखूड झाला की फेकून देतात. भिवबा ती थोटकं उकिरड्यावरून वेचून आणी. मोडका पाट, पाळण्याची दांडी, गाडीच्या चाकाचा आरा, जे मिळेल ते कातून त्याची दांडी करी, टोकाला भोक पाडून त्यात थोटूक बसवी. कातायचं लाकूड सांगाड्यात आडवं बसवून कमानीची दोरी त्याला वेढा देऊन एका हाताने ओढायची की ते गरगर फिरे, दुसऱ्या हातात पटाशी, आणि ती घसरू नये म्हणून पायाचा अंगठा टेकवलेला. शेवटी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की दांडी चकाकायला लागे. स्वतःला त्याला अक्षर येत नव्हतं. माझे वडील कारकून, त्यांनी मला लिहायला शिकवलेलं. म्हणून लेखणी चालवून दाखवायला तो माझ्याकडे येई.

एकदा त्याने विचारलं, "बाई, ही लाकडं तुमच्या चुलीवर ठिवता का? धुरात चांगली वाळत्यात."

"तुमच्या घरी चूल नाही?"

"हाय. पन एकट्याच्या चुलीला धूर पुरत न्हाई."

त्याची बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. सासूबाई कुरकुरल्या, "कुणाची कसली लाकडं आपल्या चुलीवर!" मी म्हटलं, "सरपण तरी काय सोवळ्यात तुटून येतं?" त्यांनी लाकडांवर पाणी शिंपडलं आणि ती माळ्यावर ठेवू दिली.

तेव्हापासून दर सोमवारी तो परसदारच्या पायरीवर येऊन बसे. येताना चूल पेटवायला कातकामाचा भुसा आणी. मी एकेक लाकूड खाली काढून देई. तो ते नखाने वाजवी, कानाशी धरी, आणि सांगे, "हे झालं," नाहीतर, "वल्लं हाय, ठिवा." निघताना न चुकता विचारी, "बाई, जेवलात का?" आमच्या घरात बारा पानं उठत. हे मला विचारणारा तो एकटाच होता.

बाकीची लाकडं आली आणि लेखण्या होऊन गेली. एक मात्र हलेना. टोकाशी तडकलेलं शिसवी लाटणं. लग्नाच्या वर्षी त्याने बायकोसाठी कातलेलं. प्रत्येक सोमवारी तो ते कानाशी धरी आणि म्हणे, "वल्लं हाय. ठिवा."

अशी पाच वर्षं गेली. मग दिवाळीच्या तोंडावर मला मोठी भांडी ठेवायला माळा हवा होता, आणि घाईत माझ्या तोंडून गेलं, "अहो भिवबा, जन्मभर वापरलेलं लाटणं, त्यावर पाच वर्षं माझा धूर. ते ओलं कसलं? घेऊन जा. माझी जागा अडते."

त्याने लाटण्याकडे पाहिलं. "खरं हाय, बाई," म्हणाला, आणि ते उपरण्यात गुंडाळून गेला.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. दिवाळी झाली तरी आला नाही. भुशाशिवाय चूल पेटवायला फुंकर जास्त लागते, म्हणून माझ्या रोज ध्यानात येई. लाटणं ओलं नव्हतं हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. पायरीवर येऊन बसायला त्याच्याजवळ तेवढंच कारण होतं, आणि ते मी भांड्यांसाठी काढून टाकलं होतं.

मार्गशीर्षात मोळीवाल्याकडून मी ओल्या बाभळीचा एक ओंडका निवडून घेतला आणि भिवबाच्या घरी गेले. भरदुपारी चूल थंड. कमानीची दोरी सैल लोंबत होती. त्याने कोनाड्यातून एक लेखणी काढून माझ्या हातात दिली. लाटण्याची होती. तडा नेमका कातून काढला होता.

"त्याच दिशी केली. ठिवा तुमच्याकडं. हितं लिव्हनारं कोन हाय?"

मी ती ठेवून घेतली आणि ओंडका पुढे केला. "हा वाळलाय का बघा."

त्याने ठोकायचेही कष्ट घेतले नाहीत. "बाई, ह्यातनं पानी गळतंय."

"किती दिवस लागतील?"

त्याने ओंडका घेऊन उगाच कानाशी धरला. "दोन वर्सं तरी."

"मग येऊन बघावं लागेल तुम्हाला. मला ठोकून कळत नाही."

"सोमवारी येतो," तो म्हणाला.

आला. सोळा महिने दर सोमवारी आला. एकदा सणकून ताप होता तरी आला. ओंडका वाजवला, "वल्लं हाय," म्हणाला, आणि मी जेवले का ते विचारून गेला.

गेल्या महिन्यात एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारी मी गेले, तोवर शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. कातकामाचा सांगाडा दुसऱ्या एका कातार्‍याने नेला. ते बरं झालं, नाहीतर कुणाच्या तरी चुलीत गेला असता.

हे सगळं त्या लाटण्याच्याच लेखणीने लिहिलं. लिहून झाल्यावर ओंडका कानाशी धरून वाजवून पाहिला. मला खरंच काही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता वाळलाच असेल. घाल चुलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळा धुऊन पुसून घेतला, ओंडका होता तिथे परत ठेवला आणि खाली चूल पेटवली. त्याने दोन वर्षं सांगितली होती. अजून सात महिने आहेत.