पाखऱ्याचा जबडा

मंगलचा फोन आला तेव्हा मी बैलाचा जबडा जुन्या सुती साडीत गुंडाळत होते. रविवारी तो घोडेगावला न्यायचा होता. "मावशी, आई गेली पहाटं," एवढंच ती म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वीच मी तिच्या आईला, हौसाला, भेटून आले होते. खाटेवर उशीला टेकून बसली होती, हाताची काडी झालेली, पण हुकूम सोडणं चालूच. "विजे, पुढल्या खेपेला पाखऱ्याचा जबडा आन. नातीला दोन्ही जोडून दावायचंय." त्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून गेले होते. नेहमीसारखी न सांगता परत आले. म्हटलं, रविवारी सांगू.

हौसा मला शेवगावच्या शाळेत आठवीत भेटली. माझे वडील, नाना, तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळं जनावरांचं आपल्याला कळतं असा माझा तोरा. तो तिनं आठवड्याभरात उतरवला. तिचे वडील बैल घ्यायला घोडेगावच्या बाजारात जायचे ते या पोरीला बरोबर घेऊन, कारण बैलाचं तोंड उघडून वय सांगण्यात तिची नजर मोठ्या माणसांपेक्षा पक्की. दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, सगळे दात आलेला जुळलेला... मला काही कळेना. "अगं, गाईबैलाला वरच्या बाजूला फुडचे दात नसत्यातच," ती म्हणाली. मी म्हटलं, खोटं. मधल्या सुट्टीत तिनं मला ओढत नेऊन झाडाखाली बांधलेल्या गाईचा ओठ वर करून दाखवला.

आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी एकदा वर्गात सांगितलं की प्राण्यांचा अभ्यास करणं हे एक वेगळं शास्त्र आहे, त्याला प्राणिशास्त्र म्हणतात, आणि कॉलेजात ते शिकता येतं. हौसा त्या दिवसापासून कामालाच लागली. गुरुजी म्हणाले, आकृती टोकदार पेन्सिलीनं काढायची, रंग फासायचा नाही. तर ही ब्लेडनं पेन्सिल तासून तासून बोटाएवढी करायची. रुईच्या पानावरच्या अळ्या आणून डब्यात पाळायची, कुठली कधी कोषात गेली ते वहीत लिहायची. फुलपाखरू बाहेर पडलं की मला बोलवायला धावत यायची. शाळेच्या वाटेवर सापाची कात सापडली तर ती दप्तरात, जेवणाच्या फडक्याशेजारी. मी आपली तिच्या मागे मागे. हे सगळं करावंसं मला वाटलं ते तिच्यामुळं, हे आज लिहायला काय जातंय? तेव्हा मेले तरी कबूल केलं नसतं.

मग विषय निवडायचे फॉर्म आले. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती, आणि बीजगणित-भूमितीऐवजी अंकगणित घेता यायचं, त्याबरोबर शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. बहुतेक मुली तेच घ्यायच्या. हौसानं मला विचारलं, "प्राणिशास्त्राला काय लागंल गं?" मी ऐटीत म्हणाले, "शरीरशास्त्र! प्राण्यांची शरीरंच शिकायची ना?" तिला ते पटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून दोघींचे फॉर्म मीच भरले.

संध्याकाळी नानांनी विचारलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, प्राणिशास्त्र सायन्समध्ये येतं. सायन्सला बीजगणित-भूमितीशिवाय उभं करत नाहीत. उद्या जाऊन बदल. आणि हौसालाही सांग." मी दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म बदलला. हौसाला म्हणाले, "नाना ऐकतच नाहीत, मला गणित घ्यायला लावलंय." तिला माझी कीव आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला काहीतरी शिकवलं होतं आणि ते चुकीचं निघालं, हे तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू करत मुदत गेली. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही असतं तर निदान स्वतःला समजावता आलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात हौसाच्या घरचा पाखऱ्या बैल गेला. हौसा दोन दिवस जेवली नाही. काही महिन्यांनी गावाबाहेर जाऊन तिनं त्याचं डोकं शोधून आणलं, मुंग्यांनी आणि पाखरांनी साफ केलेलं. घरच्यांनी घरात येऊ दिलं नाही, तर गोठ्यामागं ठेवलं. प्यायला पाणी टँकरचं; ही भांडी धुतलेलं पाणी साठवून त्यानं पाखऱ्याचे दात घासत बसायची. खालच्या जबड्याचे दोन भाग सुटे झाले होते, ते तारेनं बांधले. "वरचं माज्याकडं, खालचं तुज्याकडं," ती म्हणाली. "कॉलेजात एका टेबलावर जोडू."

निकाल लागला. तिला शरीरशास्त्रात ब्याऐंशी. आम्ही दोघी एसटीनं नगरला कॉलेजात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं तिची मार्कलिस्ट परत केली. "बीजगणित-भूमिती नाही, बाळ. सायन्सला नाही घेता येणार. आर्ट्सचा फॉर्म देऊ?" हौसा म्हणाली, "पर शरीरशास्त्राला ब्याऐंशी हायेत की..." त्यानं पुढच्या मुलाचा फॉर्म ओढला. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. परतीच्या एसटीत तीच माझी समजूत घालत होती. "तुला तरी कुठं ठावं हुतं, विजे?" मी मान खाली घातली आणि रडले. माझ्यासाठी रडतेय असं तिला वाटलं असेल. गणिताला पुन्हा एक वर्ष द्यायला तिच्या घरात कुणी तयार नव्हतं. त्याच साली तिला घोडेगावला दिलं.

मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दर वर्षी पहिल्या तासाला तो जबडा काढायचे आणि मुलांना गाईच्या वरच्या दातांबद्दल विचारायचे. मुलं फसायची. कुणाकडून शिकले ते कधी सांगितलं नाही. हौसाकडं मात्र अडलेली शेळी असो की आजारी म्हैस, चार गावांहून माणसं यायची. मी गेले की ती चहा ठेवायची, माझ्यासमोर बसायची, आणि चहा संपला तरी काही न बोलता थोडा वेळ माझ्याकडं बघत राहायची. मला वाटायचं, दमली असेल. मी उठायचे.

दहाव्याला मी जबडा घेऊन गेले. मंगलनं ट्रंकेतून वरचा भाग काढला. टाळूवर निळ्या शाईत लिहिलं होतं : हौसा आणि विजया, सायन्स कॉलेज, नगर. दोन्ही भाग जोडले. दाढेवर दाढ बसली... आणि माझा बांध फुटला. मी मंगलला सगळं सांगितलं. फॉर्म, नाना, सगळं.

तिनं जबड्यावरची तार सरळ केली. मग म्हणाली, "आईला ठावं हुतं, मावशी. कॉलेजातनं परत आल्यावर आजोबा तुमच्या नानांकडं गेल्ते, काय करता येतंय का इचारायला. त्यांनीच सांगितलं, म्या विजीला तवाच बोललो हुतो म्हून."

"मग ती मला कधी बोलली कशी नाही?"

"म्हनायची, विजी सांगंल कवातरी."

पाखऱ्याचं डोकं पूर्ण जोडून तिथंच खिडकीत ठेवून आले. माझ्या टेबलावर त्याची जागा रिकामी आहे. संध्याकाळी चहा घेऊन बसते तेव्हा समोरची खुर्ची ओढून ठेवते. चहा संपला तरी उठत नाही. सांगते, हौसे, मला ठाऊक होतं गं.