दाजींनी बेल-भंडार उचलला नाही

मुंजाजी दाजी गेल्याचा निरोप त्यांच्या पुतण्यानं कळमनुरीला आणला, तेव्हा मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. "पहाटं झोपेतच गेले," एवढं सांगून तो घुटमळला. मला वाटलं, उपाशी असेल, चहा सांगावा. पण त्याला चहा नको होता. खाली बघत म्हणाला, "मामा, गावात लोक इचारून राहिले... जाता जाता त्या कापसाचं काई बोलले का म्हनून." घ्या! मढं अजून घरात, आंघोळसुद्धा घातलेली नाही, आणि लोकांना काय पडलंय तर कापसाचं. तोही कधीचा, तर निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीचा. राग आला, पण नवल नाही वाटलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा हिशेब चित्रगुप्ताच्या आधी पारावर होतो. मी काढलेल्या फळ्या परत लावल्या आणि पहिल्या गाडीनं आखाडा बाळापूरला गेलो.

आता दाजींबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल एक सांगायला पाहिजे. मी जात्याच संशयी माणूस. दूध घेताना बोट बुडवून बघणार, भाजीवाल्याचा तराजू रिकामा उचलून बघणार. कापडाच्या दुकानात जन्म गेला, तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत. दाजी याच्या अगदी उलट. उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे. बाळापुरात कुणाच्याही खळ्यावर रास झाली की ज्वारी मापायला दाजींनाच बोलावणं यायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आपली जुनी रीत. दाजी 'लाभ' असं काही म्हणायचे की मालकाला वाटावं, लक्ष्मीच आली. त्यांनी मोजलेलं पुन्हा कुणी मोजत नसे. मीच एकदा मोजून बघितलं होतं, बराबर निघालं.

म्हणूनच हिंगोलीच्या जिनिंगची गोष्ट दाजींनी काढली तेव्हा लोकांनी ऐकली. तोवर आमचा कापूस बाजारात व्यापारी म्हणेल त्या भावानं जायचा. दाजींचं म्हणणं साधं होतं. कापूस विकण्यापेक्षा सरकी काढून रुई विकू. हिंगोलीला रेल्वेजवळ एका शेटजींचं जिनिंग होतं. त्यांचं यंत्र, आपला कापूस, नफ्यात दोघांची पाती. नव्या यंत्रासाठी मात्र प्रत्येकानं थोडाथोडा हिस्सा घालायचा. कुणी गोऱ्हा विकला, कुणाच्या बायकोनं वाक्या मोडल्या. मी बाळापूरचा नव्हे, पण आक्कापायी मीही एक कालवड विकून हिस्सा घेतला, कपाशीचा तुकडाही होता माझा. ज्याची सरकी त्याला परत मिळायची, कारण ढोरांना आणि पेऱ्याला आपलीच सरकी पाहिजे, दुसऱ्याची चालत नाही. मग ओळख राहावी म्हणून प्रत्येक घरानं आपापल्या बोजाला घरधनिणीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची असं ठरलं. कारखान्यात बोजांचा ढीग लागला की लांबून पोळ्याच्या बैलांसारखा दिसायचा, हिरवा, जांभळा, लाल. दाजींच्या बोजांना आक्काच्या अंजिरी लुगड्याची चिंधी असायची. ते लुगडं मीच भाऊबीजेला दिलेलं. पहिलं साल चांगलं गेलं, पैसा दिसला. मी तेव्हाही म्हणत होतो की शेटजी जास्त गोड बोलतो. माझं कोण ऐकतं?

दुसऱ्या साली सगळा कापूस हिंगोलीला पोचला आणि एका बाजाराच्या दिवशी बातमी आली की जिनिंगला कुलूप लागलंय. बायलर थंड, शेटजी बिऱ्हाडासकट सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेलेले, दारावर त्यांचे बंदूकवाले पहारेकरी. दिवस असे होते की रोज कुणी ना कुणी गाव सोडत होतं, कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. आम्ही पाच-पन्नास हिस्सेदार हिंगोलीला गेलो. पहारेकऱ्यांनी कुंपणाजवळसुद्धा उभं राहू दिलं नाही. कापूस आत आहे की विकला, हेच कळेना. मग सुरू झालं. एकाला वाटलं, शेटजीचा मुनीम सामील आहे. दुसरा म्हणाला, स्टेशनवरच्या बाबूला सगळं ठाऊक होतं, रुईच्या गाठी त्यानंच चढवल्या असणार. परतीच्या वाटेवर लोक एकमेकांच्या भाकरीकडेही संशयानं बघत होते. दाजी त्या सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेच खटकलं.

तांड्यावरचा हरसिंग गाडीवान. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. तो पारावर तंबाखू मळत सहज बोलून गेला की कुलूप लागायच्या दोन-तीन दिवस आधी दाजींच्या दोन गाड्या हिंगोलीकडून गावाकडे येताना त्याला दिसल्या होत्या. भरलेल्या. हिंगोलीकडं जाणाऱ्या भरल्या गाडीकडं कोण बघतं? पण जिनिंगकडून परत येणारी भरली गाडी कशी डोळ्यात भरणार नाही! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यानं सगळ्यांना हिस्सा घालायला लावला, त्यानं स्वतःचा कापूस आधीच काढून घेतला. कालवडीचं दुःख होतंच, पण माझी बहीण त्या घरात होती. दाजी चोर ठरले तर ती चोराची बायको ठरणार होती.

महादेवाच्या देवळात गाव बसलं. सखाराम पाटील तेव्हा तरणाबांड, त्याचा कापूस सगळ्यांत जास्त अडकलेला. त्यानं बेल-भंडार आणून ठेवला. महादेवाचा बेल आणि खंडोबाचा भंडार तळहातावर घेऊन माणूस खोटं बोलला तर घराण्याला लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोर्टात शंभर खोट्या साक्षी देणारा माणूस बेल-भंडाराला हात लावताना कापतो. सखाराम म्हणाला, "मुंजाजी, हे उचल आन् एवढंच सांग, जिनिंग बंद व्हनार हे तुला म्हाईत नव्हतं."

दाजी त्या बेलाच्या पानाकडे बघत राहिले. मी खांबाला टेकून उभा होतो, मनात म्हणत होतो, उचला, उचला एकदाचं... त्यांनी नाही उचललं. डोक्याचं मुंडासं सारखं केलं, देवाला हात जोडले आणि उठून घरी गेले. मग काय, निकालच लागला! न उचलणारा खोटा, हा आमचा कायदा.

मारहाण झाली नाही, वाळीत टाकलं नाही. त्याहून वाईट झालं. पुढच्या हंगामात खळ्यावर मापाला त्यांना कुणी बोलावलं नाही. लोक तोंडावर 'रामराम' घालायचे आणि पाठ फिरली की खुसपुसायचे. त्यांच्या घरी कधी गोडधोड झालं तर 'कापसाचं' म्हणायचे. मीही कमी नव्हतो. त्या दिवसांत आक्काकडे गेलो की मी कणगीमागे, गोठ्यात, कडब्याच्या गंजीकडे बघून यायचो, अंजिरी चिंधी कुठं दिसते का. त्याचा मला पस्तावा नाही. डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांनीच तर शेटजीच्या घशात कापूस घातला होता.

पावसाळ्याच्या शेवटी राज्य बदललं. थंडीत नव्या सरकारचा अंमलदार आला आणि जिनिंगचं कुलूप निघालं. हिस्सेदारांनी आपापला माल ओळखून न्यावा असा पुकारा झाला. आत गेलो तर कापूस होता! पण वरचे पत्रे गळून गळून ढिगाचा माथा काळा पडलेला, बुरशीचा वास घशात बसत होता. खालचे बोजे बरे होते, निम्म्या-पाऊण किमतीचे. वरचे दोन गाड्यांचे बोजे मात्र कुजून गेलेले, उचलले की हातात चिखल. लोक आपापल्या चिंध्या शोधत खाली वाकले. मी वर बघत होतो. कुजलेल्या बोजांच्या गाठी सोडून बघितल्या, तर आतल्या पदरात अंजिरी रंग. मी दिलेलं लुगडं मी ओळखणार नाही?

इतरांनी ते पाहिलंच नाही असं नाही. "दोन गाड्या नेल्या आसतील, थोडा ठिवला आसंल दाखवायपुरता," सखाराम म्हणाला आणि आपल्या बोजांना लागला. पण माझं संशयी डोकं तिथंच अडकलं. त्या साली पहिला कापूस दाजींनी घातला होता. गाडीला नारळ फोडताना मी स्वतः हजर होतो. मग त्यांचे बोजे तळाला पाहिजेत. ते सगळ्यांच्या वर कसे आले?

येताना गाडीत दाजी आणि मी, दोघंच. कळमनुरी जवळ आल्यावर मी सरळ विचारलं. दाजींनी बैलांचा कासरा सैल सोडला. मग तुटक तुटक सांगितलं. मुनिमाशी त्यांचा घरोबा होता. त्यानं कानात सांगितलं की शेट जातोय, तुमचा तेवढा माल उचला, पण कुठं बोललात तर शेटचे बंदूकवाले मला जितं ठेवणार नाहीत. दाजींनी वचन दिलं आणि दोन गाड्या भरून घरी आणल्या. दारात गाड्या उभ्या, आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं बोजे बघितले, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाकीच्यांचा?"

गाड्या सुटल्याच नाहीत. बैलांना पाणी दाखवलं आणि दाजी तसेच माघारी हिंगोलीला गेले. मुनिमाला म्हणाले, सगळ्यांचा सोड. तो म्हणाला, माझ्या हातात असतं तर तुम्हाला कानात कशाला सांगितलं असतं. तेव्हा दाजींनी आपला कापूस होता तिथंच टाकला, ढिगाच्या वर, आणि रिकाम्या गाड्या घेऊन आले.

मी कपाळावर हात मारून घेतला. "आहो, मग देवळात हे सांगायचं ना! बेल-भंडार काहून न्हाई उचलला?"

"म्हाईत नव्हतं म्हन म्हनले. कसं म्हनू?" दाजी म्हणाले. "आन् म्हाईत व्हतं म्हटलं, की पुढलं कोन ऐकतंय? मी हाय तवर तू बी बोलू नको, किसन."

मी बोललो नाही. पण पटलं असंही नाही. आजही मनात येतं, एका मुनिमाला दिलेल्या शब्दापायी गावाला अंधारात ठेवलं, ते बरोबर होतं का? सांगितलं असतं तर गाव गाड्या जुंपून धावलं असतं, बंदुका चालल्या असत्या, मुनीम तर गेलाच असता. सांगितलं नाही, तर कापूस अडकून पडला आणि निम्मी किंमत गेली. आणि स्वतःचा माल परत नेऊन टाकला त्यानं कुणाचं भलं झालं? असा येडेपणा करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी असतो तर कापूस विकून मोकळा झालो असतो आणि बेल-भंडारही उचलला असता. म्हणूनच मला दाजींचा राग यायचा, आणि म्हणूनच त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी कधी 'दाजी' म्हटलं तरी जीभ अडखळते.

तेराव्याला ओसरीवर माणसं जेवून पान लावत बसली होती. सखाराम पाटील आता काठी घेऊन चालतो, कानानं कमी ऐकतो. त्यानंच विषय काढला. "पाव्हणं, आता तरी खरं सांगा. त्याला म्हाईत व्हतं का?"

दाजींच्या शब्दातून मी आता मोकळा होतो. म्हणालो, "व्हतं." सगळे एकमेकांकडे बघायला लागले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! मग मी पुढचं सांगितलं. गाड्या आणल्या ते, नेल्या ते, वर कुजलेल्या बोजांचं, आतल्या चिंधीचं. मोठ्यानं सांगितलं, पाटलाला ऐकू जाईल असं. पाटलानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"मंग बेल-भंडार काहून उचलला न्हाई?"

"पाटील, तुमी इचारलं व्हतं, म्हाईत नव्हतं असं सांग म्हनून. त्यांना म्हाईत व्हतं."

म्हाताऱ्यानं पानाचं तबक बाजूला सारलं. मला वाटलं, संपलं. पण संशय म्हणजे गोचीड, ढोर मेलं तरी सुटत नाही. तो म्हणाला, "तुमी त्याचे मेव्हणे. तुमी तेच सांगनार. गाड्या माघारी नेल्या ह्याला साक्षी कोन?"

आक्का आत दाराआड बसली होती. तेरा दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती उंबऱ्यापर्यंत आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी हाय ना साक्षी, भावजी. माज्या दारातूनच गेल्या गाड्या. पन मला कुनी कधी इचारलंच न्हाई."

पाटील काठी चाचपत उठला. माणसं एकेक करून गेली. दिवेलागणीला मी ओसरीचं दार लोटून कडी लावायला गेलो, तर कडी गंजून घट्ट बसलेली, हलेना. आक्का म्हणाली, "ओढू नको ती. देवळातून आले त्या दिसापासून त्यांनी कडी लावली न्हाई. म्हनायचे, ज्याला बघायचं त्यानं कवाबी आत येऊन बघावं, कापूस हाय का."

"मंग? आलं कुनी?"

"न्हाई आलं." तिनं दिव्यात तेल घातलं, वात पुढं सारली. "पन आज पाटलानं इचारलंय. उद्या यील बघायला. राहू दे उघडं."