क्लच गेला आणि डायलिसिसची वेळ झाली होती

मंडळी, घाईतच लिहिते.

सकाळी सासूबाईंना डायलिसिसला नेत होते. आमची जुनी गाडी आठवडाभर गिअर टाकताना करकर करत होती. आज करंजाड्याहून निघाले आणि हायवेच्या सिग्नलला पहिला गिअर पडेचना. मागे ट्रकचे हॉर्न. सासूबाईंना दोन पावलंही चालवत नाहीत.

"मशीन दुसऱ्याला देतील काय गो?" त्यांनी विचारलं. मला रडूच आलं.

मेकॅनिकला फोन लावला. "पेडल खालीच बसतंय? मग क्लचचं ऑइल गळलंय. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका आणि तशीच चावी फिरवा."

गाडी गचका देऊन निघाली. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद, पुन्हा गचका. असं करत पनवेलच्या हॉस्पिटलात पोचलो. मशीन मिळालं, पण उशीर झाल्याने वेळ कमी मिळाला.

गाडी आता गॅरेजमध्ये आहे. मॉडेल जुनं, पार्ट मिळत नाहीये. परवा परत डायलिसिस.

"परवा नाय गेलो तरी चालंल गो," सासूबाई म्हणाल्या. चालणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

परवा सकाळी करंजाड्याहून पनवेलला कुणी गाडीने जाणार आहे का?