बरणीतले तीन गुलाबी मासे

अंधेरीच्या एका मत्स्यटाकीवाल्याने मला फसवलं. साकीनाक्याला लोखंडी मालावर रंग चढवायचं युनिट मी शून्यातून उभं केलंय. रंगाच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्मायचाय, असं समजत होतो. तो अंधेरीत निघाला.

पाठीवर गुलाबी पट्टा असलेले मासे त्याने "परदेशी, जन्मजात रंग, गॅरंटी" म्हणून दिले. मी घासाघीस करून भाव तोडला आणि खुशीत घरी आलो. हळूहळू पट्टे फिके पडले. काही मासे अंगावर फोड येऊन मेले. उरलेले तीन बरणीत घालून रविवारी सकाळी मुलुंडहून रिक्षाने निघालो, भांडायलाच.

पवईजवळ रिक्षा खड्ड्यात आदळली आणि बरणीतलं बरंचसं पाणी माझ्या पँटवर सांडलं. मासे आडवे पडून तडफडू लागले. "थांब रे, थांब!" ओरडत मी तलावाकाठी उतरलो. तिथे एक मालवणी काका पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) झटकत होते. त्यांनी काही न विचारता टमरेलाने तलावाचं पाणी बरणीत ओतलं आणि आत डोकावून पाहिलं.

"हो तर हयचोच (इथलाच) मासो मरे! ह्येका रंग कोणी लायलो?"

"काका, हा परदेशी आहे."

"मगे माझ्या जाळ्यात काय पासपोर्ट घेवन इलो?"

त्यांनी जाळ्यातला बोटाच्या पेराएवढा मासा माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. आकार तोच, पर तेच, फक्त रंग नव्हता. अंगातून आरपार दिसत होतं: काट्यांची बारीक रांग, पोटाची चांदीसारखी पिशवी आणि खाली माझ्या हातावरच्या रेषा.

"पाण्यात असलो काय दिसना नाय. म्हणानच वाचता," काका म्हणाले. मी तो पाण्यात सोडला. डोळ्यांसमोर नाहीसा झाला.

अंधेरीत दुकानदार हसतच पुढे आला. "रंग गेला, शेठ? टेन्शन नको, नवीन जोडी घेऊन जा. फ्री."

"रंग आत गेला कसा, ते सांग. वरून लावला असता तर पाण्यात सुटला असता. माझा धंदाच आहे तो."

त्याने आवाज खाली आणला. "सुईने. एकेकाला टोचतात."

"कोण?"

"मला काय माहीत? माल असाच येतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी फुकटची वस्तू नाकारली.

संध्याकाळी मुलुंडला तिन्ही मासे खिडकीतल्या टाकीत सोडले. पट्टे जवळपास गेलेत. अंगातून मागचं शेवाळ हिरवं दिसतं. असा मासा त्याने आधी दाखवला असता तर मी भाव करायचंही विसरलो असतो.

माल "येतो" म्हणजे काय? एवढासा जीव हातात धरून कोणीतरी सुई खुपसल्याशिवाय तो येत नाही. मला जोडी नको, पैसे नकोत. तो हात कोणाचा, ते दुकानदाराने सांगावं. तोवर दर रविवारी मी त्याच्या काउंटरसमोर उभा असेन.