घड्याळाला वंदना कळत नाही

न्हाणीघरात पडले तेव्हा माझं हाड मोडलं नाही, पण मुलाला निमित्त मिळालं. कमरेला मुका मार होता, उठता येईना, अन् फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. मी हाका मारल्या. मागचं दार नशिबाने उघडं होतं, तिथून समोरच्या घरातली बाई आत आली अन् बखोट्याला धरून मला उभं केलं. ती इथलीच, छत्तीसगढी, माझ्याहून लहान अन् अंगाने दणकट. मुलगा दूर शंकर नगरला राहतो, त्याला माझ्या फोनवरून तिनेच कळवलं. तो पोहोचला तेव्हा मी चहा पीत होते. त्याने तिथेच जाहीर केलं, की आता एकटं राहणं बंद, आमच्या फ्लॅटवर चल.

हे घर नवऱ्याने रेल्वेच्या नोकरीत बांधलं. तो गेला तरी मी इथेच आहे. फ्लॅटवर राहून पाहिलं आहे. तिथे मला सोफ्यावर बसवतात अन् पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत. मी नाही म्हटलं. बरंच भांडण झाल्यावर एक तोड निघाली. आपण पडलो की आपोआप फोन लावणारं घड्याळ मिळतं, ते मी हातात घालायचं. नाही घातलं तर फ्लॅट.

आधी सदर बाजारात गेलो. तिथल्या घड्याळवाल्याने अशी वस्तू ठेवत नाही म्हणून हात झटकले. मग शंकर नगरातली मोठी दुकानं. एका घड्याळाचा पट्टा मला एका हाताने लावता येईना. दुसरं न्हाणीघरात चालत नव्हतं, म्हणजे जिथे पडले तिथेच ते काढून ठेवायचं. तिसऱ्यावर सगळं इंग्रजीत. मी चौथी शिकलेली, तेही मराठीत. पडल्यावर ते मला काय विचारतंय हे कळायला मी मुलालाच बोलावू का?

चौथं जरा बरं होतं. आकडे मोठे, अक्षरं हिंदीत, सिम त्याच्यातच. मी दुकानातल्या पोराला म्हटलं, पडून दाखव. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो गादीच्या खुर्चीवर अंग टाकून बसला. घड्याळ गप्प. मग त्याने समजावलं, की माताजी, जोराचा धक्का बसला अन् नंतर माणूस हललं नाही, तरच ते धरतं. मुलाने मान डोलावली अन् घड्याळ घेतलं. नंबर अर्थात स्वतःचा टाकला.

रविवारी मी विहारात गेले. विहार आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरामागच्या गल्लीत. माझे गुडघे वाकत नाहीत. वंदनेला मी दोन्ही हात पुढे टाकून धपकन खाली येते, अन् एकदा कपाळ जमिनीला लागलं की लवकर उठत नाही, कारण उठणं त्याहून अवघड. मनगटावर काहीतरी थरथरलं. मला वाटलं हाताला मुंग्या आल्या. या वयात येतातच. त्रिशरण झालं, पंचशील झालं, खीर वाटली, ती खाऊन मी घरी आले.

दाराचं कुलूप तुटून पडलेलं. मुलगा अंगणात, हातात दगड, शर्ट घामाने चिंब. मी पलंगाखालीसुद्धा नाही, हे त्याने नुकतंच पाहून घेतलं होतं. समोरची बाई तिच्या ओट्यावर उभी होती.

मी विचारलं, "कुलूप काहून तोडलं?"

"घड्याळाचा कॉल आला, आई. तू पडली म्हणून. तुझा फोन उठला नाही."

"बाहेरून कुलूप लावून मी आत कशी पडीन रे?"

त्याने हातातला दगड खाली टाकला. "सोचा ही नहीं."

समोरच्या बाईने तेवढ्यात सांगून टाकलं, "मैं तो बोलत रहेंव दीदी, विहार गे हे कहिके. भैया सुनबे नइ करिस."

तो खाली बसला अन् त्याच्या डोक्यात पुन्हा फ्लॅट आला. नाहीतर याहून भारी घड्याळ घेऊ, म्हणाला, ज्याला पडणं अन् नमस्कार यातला फरक कळेल. मी समोरच्या बाईकडे बोट दाखवून म्हटलं, घड्याळ हेच राहील, पण पहिला नंबर हिचा टाक.

"अन् माझा?"

"तुझा दुसरा. तू शंकर नगरवरून येऊन राहिला. मागच्या वेळी तू आला तेव्हा मी उठून चहा पीत बसले होते."

त्याचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. मला न्हाणीघरातून उठवायला माणूस लागतं, मग ते पोटचं असो की समोरचं. त्याने माझ्या मनगटावरून घड्याळ काढलं अन् तिला नंबर विचारला. ती म्हणाली, हव, टाक. फ्लॅटचं नाव त्याने परत काढलं नाही.

नवं कुलूप त्यानेच आणून दारात बसवलं, आतूनबाहेरून चावीने उघडणारं. एक चावी तिच्याकडे आहे. रात्री आतून कडी लावायची सवय मी सोडली. त्याचा मला अजून राग येतो, पण कडी लावली तर ती आत येणार कशी?

घड्याळ हातात असतं. रविवारी विहाराच्या दारात काढते अन् चपलेत ठेवते. आत इतकी माणसं असतात, पडलेच तर कोणीतरी मला उचलेल. बाहेर आल्यावर आधी घड्याळ, मग चप्पल.