कॉमिकचा मधला कागद कुणाकडे आहे?

१. टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेचं कॉमिक मी आपल्या कॉलेजच्या या ऑनलाइन कम्युनिटीतल्या दोघींना वाचायला दिलं होतं.
२. आज ते परत मिळालं. मधला कागद, म्हणजे चार पानं, नाही.
३. जुन्या पिना गंजलेल्या होत्या. आताच्या चकचकीत आहेत.

दोघीही म्हणतात, "लई जुनं व्हतं गं, गळालं असंल." गळालेला कागद नव्या पिना मारून घेत नाही.

वारूळवाडीच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याच कॉलेजची पोरगी व्हती, ताई. यानाचं चित्र मोठं करून घेतलं. पिना मारताना म्हटली, हा कागद बाहेरच राहू द्या, भाऊ."

कॉमिक माझं नाही, मढच्या मामेभावाचं आहे. रविवारी तो न्यायला येतोय आणि दुसरी प्रत कुठे मिळत नाही.

जिच्याकडे कागद आहे, तिने शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावं.